सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आणि आपल्या नद्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शहादा. खान्देशातल्या कुठल्याही नदीकाठच्या गावात सांडपाणी प्रकल्पाचा विषय निघाला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

हा प्रकल्प पिण्याचं पाणी तयार करतो का?

नाही. मोठ्या टाक्या आणि पंप पाहून अनेकांचा गोंधळ होतो. धरणातून किंवा तलावातून आलेलं पाणी गाळून, क्लोरीन घालून नळाला देतो तो जलशुद्धीकरण प्रकल्प. हा त्याच्या उलट्या टोकाला असतो. संडास, मोरी, स्वयंपाकघर इथून निघालेलं पाणी भुयारी गटारीतून इथे येतं, इथे त्यातली घाण कमी होते आणि मग ते नाल्यात किंवा नदीत सोडलं जातं. सगळे त्याला एसटीपी म्हणतात, इथेही तेच म्हणू.

एमआयडीसीतलं पाणी मात्र इथे येणं अपेक्षित नाही. रंग, आम्ल, तेलकट रसायनं यांच्यासाठी कारखान्याचा स्वतःचा किंवा वसाहतीचा सामाईक प्रकल्प असतो. घरगुती मैल्यावर जगणारे जिवाणू रसायनांनी मरतात. रात्री चोरून सोडलेला एक टँकर आठवडाभराची घडी विस्कटू शकतो.

आपल्या शहरातून किती सांडपाणी निघतं?

माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं ८० टक्के गटारीत जातं असं मानतात, म्हणजे माणशी १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती. गुणाकार केला तर रोजचे जवळपास ५ कोटी लिटर होतात. प्रकल्पाच्या भाषेत हे ५० एमएलडी, कारण १ एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर. हा झाला कागदावरचा हिशेब. जिथे नळाला चार दिवसांआड पाणी येतं तिथे सांडपाणी कमी निघतं, पण तेच जास्त दाट असतं.

नदी निम्मं वर्ष कोरडीच असते. मग पाणी शुद्ध करून फायदा कोणाला?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक सरकारी पत्रकांत तो नसतो.

तापी मुलताईला उगम पावून सुरतजवळ समुद्राला मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते. तिला खान्देशात पाणी देणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, गोमाई, अनेर या सगळ्या पावसाच्या नद्या आहेत. पाऊस चार महिने, आणि त्यातलंही बरंच पाणी धरणांत अडवलेलं. गिरणा धरण १९६९ चं, हतनूर १९८२ चं, पांझरेवर अक्कलपाडा. या धरणांमुळेच शेती उभी राहिली, त्याबद्दल वाद नाही. पण आवर्तन सुटलेलं नसेल तर होळीनंतर पात्रात वाळू, दगड आणि एखाददुसरा डोह एवढंच उरतं. गिरणेत तर कित्येक ठिकाणी वाळूही उरलेली नाही.

अशा वेळी शहराच्या खालच्या अंगाला गेलात तर पाणी वाहताना दिसतं. ते धरणातून आलेलं नसतं. तुमच्या-आमच्या मोऱ्यांतून आलेलं असतं.

आता हिशेब मांडू. पावसाळ्यात नदीत ९ भाग स्वच्छ पाणी आहे, त्याची बीओडी २ आहे (बीओडी म्हणजे काय ते पुढे आहे, तूर्त घाणीचं माप समजा). त्यात प्रकल्पातून १ भाग पाणी आलं, ३० बीओडीचं. एकत्र झाल्यावर आकडा ४.८ होतो. प्रकल्पाने १० बीओडीपर्यंत शुद्ध केलं असतं तर २.८ झाला असता. दोन्हींत फरक आहे, पण नदी दोन्ही वेळा सांभाळून घेते.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास हेच करून पाहा. वरून येणारं पाणी शून्य. मग प्रकल्पातून ३० बाहेर पडलं तर नदी ३० आणि १० बाहेर पडलं तर नदी १०. प्रकल्पच नसेल तर नदी २००-२५०, म्हणजे कच्चा मैला. मिसळून पातळ करायला दुसरं पाणीच नाही. बारमाही नदीच्या काठावरचं शहर थोडं ढिसाळ वागलं तरी नदी झाकून घेते. आपल्याकडे जानेवारी ते जून प्रकल्पाचं पाणी हीच नदी असते. म्हणून खान्देशातला प्रकल्प कोकणातल्या प्रकल्पापेक्षा जास्त चांगला चालायला हवा. प्रत्यक्षात निधी आणि लक्ष उलट्या क्रमाने मिळतं, असं माझं मत आहे.

बीओडी म्हणजे नेमकं काय?

पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती वापरतात ते मोजलं की घाण किती आहे ते कळतं. प्रयोगशाळेत ३०० मिलिलिटरची जाड काचेची बाटली काठोकाठ भरतात. तिचं काचेचं झाकण खालून तिरकं कापलेलं असतं, म्हणजे बसवताना आत हवेचा बुडबुडा अडकत नाही. सुरुवातीचा प्राणवायू मोजायचा, बाटली अंधाऱ्या पेटीत ठेवायची आणि नंतर पुन्हा मोजायचा. जुनी जागतिक पद्धत २० अंशांवर ५ दिवस ठेवायची. आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात, कारण आपलं पाणी २० अंशांवर क्वचितच असतं.

उत्तर मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतं. कच्चं सांडपाणी साधारण २०० ते ३००. आंघोळीला योग्य नदी ३ किंवा कमी. ३ च्या वर गेलेल्या नद्यांचे पट्टे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ 'प्रदूषित' म्हणून नोंदवतं. २०१८ च्या यादीत देशभरात असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्यात तापी आणि गिरणेचेही पट्टे होते.

प्रकल्पात पाण्याचं काय होतं?

आधी जाळी. इथे काय काय अडकतं ते एकदा पाहावं: शाम्पूच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, चिंध्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, निर्माल्य. आणि गुटख्याच्या पुड्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ही गोष्ट जाळीला कोणी सांगितलेली नाही. जाळी दिवसातून अनेकदा साफ करावी लागते, नाहीतर पाणी तुंबून मागच्या चेंबरमधून रस्त्यावर येतं.

मग वाळू-माती बसवायची टाकी. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात ही टाकी लवकर भरते.

त्यानंतर खरं काम, हवा देण्याच्या टाकीत. तळाशी बसवलेल्या नळ्यांतून ब्लोअर हवा सोडतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि तपकिरी असतं. तो तपकिरी रंग जिवाणूंचा. ते मैला खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. हवा बंद केली की पुंजके तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी काढून घेता येतं. बसलेल्या गाळातला काही भाग पुन्हा टाकीत परत घालतात, विरजणासारखा, म्हणजे पुढच्या पाण्यासाठी जिवाणू तयार असतात. ही युक्ती १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी जाहीर केली. शंभर वर्षांनंतरही जगातले बहुतेक प्रकल्प तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. आता आपल्याकडे नव्या प्रकल्पांत एसबीआर पद्धत जास्त दिसते. तिच्यात भरणं, हवा देणं, बसू देणं आणि वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीने होतं.

टाकीची तब्येत बघायची सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे एक लिटरचं मोजपात्र. हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास हात न लावता ठेवायचं. गाळ २००-३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी दिसलं तर ठीक. गाळ ८०० वरच लटकत असेल तर काहीतरी बिघडलंय, बहुतेकदा धाग्यासारखे जिवाणू माजलेले असतात. अनुभवी ऑपरेटर नुसत्या वासावरूनही सांगतो: चांगल्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो, हवा कमी पडून गुदमरलेल्या टाकीला सडक्या अंड्याचा.

शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरण, रोगजंतूंसाठी. क्लोरीनचा हात सैल सुटला तर खालच्या डोहातले मासे मरतात, हेही लक्षात ठेवायचं.

बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं. त्यात उतरायला, आंघोळ करायला हरकत नाही ना?

नितळ असणं आणि जंतुमुक्त असणं वेगळं. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू १ कोटीच्या घरात असू शकतात. प्रकल्पाने त्यातले ९९.९ टक्के काढले असं धरा. ऐकायला उत्तम. तरी १० हजार उरले. आंघोळीच्या पाण्यासाठी कमाल मर्यादा २,५०० आहे आणि इष्ट मर्यादा ५००. म्हणून शेवटचा निर्जंतुकीकरणाचा टप्पा बंद असेल तर आधीची सगळी मेहनत अंघोळीच्या दृष्टीने वाया जाते. आणि हाच टप्पा सगळ्यात आधी बंद पडतो, कारण तो बंद असला तरी पाणी दिसायला तसंच राहतं.

श्रावणात कानबाई देवीला निरोप द्यायला अख्खी गल्ली नदीवर जाते. बायका डोक्यावर कानबाई घेऊन पाण्यात उतरतात, पोरंसोरं मागे असतात. जाऊ नका असं सांगण्यात अर्थ नाही. नाला जिथे नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला घाट निवडा, चूळ भरू नका, पायाला जखम असेल तर काठावर थांबा आणि घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवा.

सरकारी मर्यादा किती आहे?

दोन आकडे फिरतात आणि त्यामुळे भांडणं होतात. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २० आणि इतर गावांसाठी ३० अशी मर्यादा होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात सगळ्यांसाठी १० सांगितली, शिवाय नत्र १० आणि स्फुरद १. लहान गावाला सवलत द्यायची हा २०१७ चा विचार. वर मांडलेला हिशेब पाहिला तर आपल्यासारख्या कोरड्या नदीच्या गावांना ती सवलत परवडणारी नव्हती. तुमच्या प्रकल्पाला कुठला आकडा लागू आहे ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेलं असतं.

प्रकल्प सुरू झाला, फीत कापली, तरी नाला काळाच. का?

कारण प्रकल्प हे शेपूट आहे. पाणी तिथवर पोहोचलं तर तो काम करणार.

रस्ते खोदले गेले, धुळीने दोन उन्हाळे नाकातोंडात गेले, पाइप टाकले, चेंबर बांधले. पण घरातून चेंबरपर्यंतची जोडणी कोणी करायची? बहुतेक ठिकाणी ती घरमालकावर सोडलेली असते. फरशी फोडायची, पाइप टाकायचा, प्लंबरला पैसे द्यायचे, आणि आत्ता काय अडलंय? संडास सेप्टिक टँकला जोडलाय, मोरीचं पाणी दारापुढच्या उघड्या गटारीत जातंय, कामं चालू आहेत. भाडेकरू म्हणतो मालकाने करावं, मालक पुण्याला. परिणाम असा की ५० एमएलडीचा प्रकल्प बांधायचा आणि त्यात १५-२० एमएलडीच पाणी यायचं, बाकीचं नेहमीप्रमाणे नाल्यातून थेट नदीत.

हे फक्त आपलं दुखणं नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात शहरांतून रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी निघत होतं, बांधलेल्या प्रकल्पांची क्षमता ३१,८४१ एमएलडी होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं सुमारे २०,२३६. बांधलेल्या क्षमतेचाही तिसरा हिस्सा रिकामा.

दुसरं कारण वीज. पाणी उतारावरून सगळीकडे जात नाही, सखल भागातून पंपिंग स्टेशनने उचलावं लागतं. वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं की स्टेशनातली मैला साठायची विहीर भरते आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाने मैला सरळ नाल्यात. त्या पाइपाची सोय नकाशातच केलेली असते, नाहीतर मैला लोकांच्या घरात परत येईल.

यावर एक उपाय काही ठिकाणी करतात तो म्हणजे नालाच अडवून वळवायचा. घरोघर जोडणीची वाट न बघता नाल्याच्या तोंडाशी बांध घालून ते पाणी प्रकल्पाकडे न्यायचं. नदीला लगेच फरक पडतो. पण पाऊस आला की नाल्याला पूर येतो, तेव्हा वळवण उघडावीच लागते, आणि नाल्यातला प्लास्टिकचा कचरा पंपात जातो. माझ्या मते नाला वळवणं हे जोडण्या होईपर्यंतचं काम आहे. ते झालं म्हणून जोडण्या थांबवल्या तर गल्लीतली गटार तशीच वाहणार.

आमच्याकडे सेप्टिक टँक आहे. मग जोडणी कशाला?

सेप्टिक टँकमध्ये जड मैला तळाशी बसतो, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात निम्म्याहून जास्त घाण तशीच असते. आणि टाकी दर तीन वर्षांनी उपसायची असते. घर बांधल्यापासून एकदाही न उपसलेल्या टाक्या गल्लोगल्ली आहेत. त्या टाक्या आता टाक्या राहिलेल्या नाहीत, नुसता जाड पाइप झाल्यात.

उपसायची वेळ आली तर पंपाची गाडीच बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आत साठलेला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

उन्हाळ्यात डोहातले मासे एका रात्रीत का मरतात?

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५, ३५ अंशांना ६.९. दुसरीकडे उष्णतेने जिवाणूंची भूक वाढते, तोच मैला ते जास्त वेगाने खातात. म्हणजे येणं कमी आणि खर्च जास्त. त्यात हिरवं शेवाळ असलं तर दिवसा ते प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. पहाटे चार-पाचला तळ गाठला जातो. सकाळी लोकांना मेलेले मासे दिसतात आणि कोणीतरी विष टाकलं अशी बातमी फिरते. कधी टाकलेलं असतंही. पण बहुतेकदा मासे गुदमरलेले असतात.

मृगाचा पहिला दमदार पाऊसही असाच धोक्याचा. सहा महिने नाल्यात साचलेला काळा गाळ एका लोंढ्यात नदीत येतो.

प्रकल्प चालू झाल्यावरही जलपर्णी का वाढते?

बीओडी कमी झाली तरी नत्र आणि स्फुरद पाण्यात उरतात, आणि ते जलपर्णीचं खत आहे. ते काढायला वेगळे टप्पे लागतात, जुन्या प्रकल्पांत ते नसतात. त्यात केटी वेअरच्या (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या) मागे पाणी स्थिर उभं असतं. एवढं मिळाल्यावर जलपर्णीला आणखी काय हवं!

डास आणि वास प्रकल्पामुळे वाढतात का?

चालू प्रकल्पात नाही. वास येतो तो पाइपात तासन्‌तास मुरलेल्या शिळ्या पाण्याचा, आणि उन्हाळ्यात जास्त. मैलापाण्यात वाढणारा डास क्युलेक्स. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे तुमच्या घरच्या रांजणात आणि कूलरमध्ये. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात घरोघर भरून ठेवलेल्या टाक्यांकडे आधी बघा.

हे पाणी शेतीला घ्यावं का? केळीला चालेल?

लोक घेतातच आहेत. नाल्याला मोटर लावून कच्चं पाणी उचलणारी वावरं शहराच्या खालच्या अंगाला सगळीकडे दिसतात, आणि त्यावरची मेथी-कोथिंबीर त्याच शहराच्या बाजारात येते. त्यापेक्षा शुद्ध केलेलं पाणी कितीतरी बरं.

खताचा हिशेब मोहात पाडणारा आहे. पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल आणि हंगामात हेक्टरी ५० लाख लिटर पाणी दिलं तर १०० किलो नत्र आपोआप पडलं. युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास ५ गोण्या. बागायती कपाशीला साधारण एवढंच लागतं. पण हा नत्र तुमच्या वेळापत्रकाने येत नाही, प्रत्येक पाण्याबरोबर येतो. बोंडं धरायच्या वेळीही झाड पाल्यावर जातं आणि किडीला आमंत्रण मिळतं. म्हणून वरचं खत मापून कमी करा.

केळी, कपाशी, मका, ऊस चालतील. कच्ची खायची पालेभाजी, काकडी, मुळा यांना देऊ नका. ठिबकवर सोडायचं असेल तर वाळूची गाळणी आणि त्यापुढे चकतीची गाळणी, दोन्ही हव्यात, नाहीतर शेवाळाने तोट्या बंद होतात. दर काही दिवसांनी लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं उघडून धुवा.

काळ्या जमिनीबद्दल एक इशारा. सांडपाण्यात साबण-पावडरमधला सोडियम येतो. तो आपल्या चिकण मातीत साचला की जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, वर पापडी धरते. दरवर्षी माती तपासा आणि मिळेल तेव्हा कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी आलटून पालटून द्या.

शुद्ध केलेलं पाणी विकता येतं म्हणे?

येतं. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी इथल्या सांडपाण्यातून कोराडीच्या वीज केंद्राला पाणी जातं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानेही प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरायला सांगितलं आहे. भुसावळजवळ दीपनगरला असं केंद्र आहेच. तितकं धरणाचं पाणी पिण्याला आणि शेतीला वाचतं, पालिकेला दोन पैसे मिळतात आणि पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की प्रकल्प नीट चालतो. शेवटचा फायदा सगळ्यात मोठा, कारण वीज केंद्र खराब पाणी घेणार नाही.

पण सगळंच पाणी पाइपात घालून नेलं तर खालच्या नदीत उन्हाळ्यात काय उरेल? आत्ता जे वाहतंय ते घाणेरडं असलं तरी त्यावर खालच्या गावांच्या विहिरी टिकून आहेत. विक्रीचा करार करताना काही हिस्सा नदीसाठी राखून ठेवायलाच हवा, आणि खालच्या ग्रामपंचायतींना विचारल्याशिवाय तो ठरवू नये.

आपण सगळं केलं, पण वरच्या शहरांनी नाही केलं तर?

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी मालेगाव आहे, ते नाशिक जिल्ह्यात. तापीवर हतनूरच्या वर बुऱ्हाणपूर, ते मध्य प्रदेशात. त्यांचं पाणी आपल्याकडे येतं हे खरं. आपलं पाणी प्रकाशा गावावरून पुढे उकाई धरणात जातं आणि सुरतच्या नळांत. वरच्याने करावं म्हणून आपण थांबलो तर सुरतकरांनाही आपल्याबद्दल तेच म्हणता येईल. नदी तक्रारीचा क्रम पाळत नाही, पण प्रत्येक शहराच्या खाली तिला काही किलोमीटर मोकळे मिळाले तर ती स्वतःही बरंच सावरते.

लहान गावात एसटीपी शक्य आहे का?

बहुतेक ठिकाणी गरज नाही. शोषखड्डे, परसबाग आणि गावाच्या खालच्या बाजूला स्थिरीकरण तळं (सांडपाणी काही दिवस साठून आपोआप सुधारतं ते) एवढ्यावर भागतं. फक्त चिकण काळ्या जमिनीत शोषखड्डा नीट शोषत नाही. तिथे मुरमापर्यंत खोल जावं लागतं, नाहीतर खड्डा वर्षभरात डबकं होतो.

उरलेल्या गाळाचं काय करतात?

वाळवून खत करता येतं आणि आपल्या उन्हाचा इथे खरोखर उपयोग होतो. मात्र त्यात जंताची अंडी टिकून राहतात, म्हणून चांगला कुजवल्याशिवाय भाजीपाल्याला नको. कारखान्याचं पाणी प्रकल्पात मिसळत असेल तर जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय शेतात मुळीच नको.

प्रकल्प खरंच चालतो की नुसता दाखवायला आहे, हे आम्ही कसं ओळखायचं?

पाहणीला गेलात तर सगळे ब्लोअर चालू असतात, बागेला पाणी मारलेलं असतं. म्हणून कागद मागा. माहितीच्या अधिकारात चार गोष्टी: संमतिपत्र, मागच्या बारा महिन्यांचे तपासणी अहवाल, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या फ्लो मीटरच्या रोजच्या नोंदी, आणि वीजबिलं.

अहवालात फक्त बाहेरच्या पाण्याचा आकडा बघू नका, आत येणाऱ्याचाही बघा. आत येणारी बीओडी ६०-७० असेल तर प्रकल्पात मैला येतच नाही, कुठल्यातरी गळतीचं किंवा नाल्याचं पातळ पाणी शुद्ध होतंय, आणि मग बाहेरचा १० चा आकडा काहीच सांगत नाही. दर महिन्याला अगदी तेच आकडे आले तरी शंका घ्या. जिवंत टाकीचे आकडे हलतात.

वीजबिल सगळ्यात प्रामाणिक कागद. प्रकल्पातली निम्म्याहून जास्त वीज हवा देण्यात जाते. पाणी तेवढंच आलं असं नोंदवलंय आणि युनिट मात्र एप्रिल-मेमध्ये निम्म्यावर आलेत, तर ब्लोअर बंद होते.

स्वतः नदी तपासायची असेल तर प्राणवायू मोजायचा साधा किट पुरतो. तीन ठिकाणी मोजा: शहराच्या वर, प्रकल्पाच्या तोंडाखाली शंभर पावलांवर, आणि तिथून दोन-तीन किलोमीटर खाली. तिसरं ठिकाण सोडू नका, कारण मैला खाताना प्राणवायू हळूहळू कमी होत जातो आणि सगळ्यात वाईट जागा तोंडाशी नसते, पुढे असते. वेळ पहाटेची ठेवा. दुपारी दोनला शेवाळामुळे आकडा फुगलेला मिळतो, आणि नेमका तोच पत्रकात छापला जातो.